हाक पोचते का?

पोस्ट लांब झाली आहे. सवडीने वाचा. पण ज्यांच्या घरी डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेला पेशंट आहे, त्यांनी जरूर वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्याच तालुक्यातल्या एका वाचकाचा फोन आला. त्यांच्या मेव्हण्याला चार महिन्यांपूर्वी हायवेवर अपघात झाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला. आता तो डोळे उघडतो, पण ओळख नाही, बोलणं नाही. नाकातल्या नळीने खाणं, घरीच सगळं. त्यांनी मला व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला होता. मेंदूला मशीन जोडलं की कोमातला माणूस बोलतो, असा. त्यांचा प्रश्न सरळ होता. "साहेब, हे खरं आहे का? आणि खर्च किती येतो? दीड एकर आहे, विकायची तयारी आहे आमची."

मी डॉक्टर नाही. तरी "मला माहीत नाही" म्हणून फोन ठेवता आला नाही. त्याला कारण आहे.

२००८ साली मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. पत्रकारितेचा डिप्लोमा होऊन काही वर्षं झाली होती. मथळ्याने वाचक थांबला पाहिजे, हे वर्गात शिकवलेलं डोक्यात पक्कं बसलेलं. बावीस वर्षांचा एक पोरगा मोटारसायकलवरून पडला होता आणि हॉस्पिटलने घरी सोडला होता. घरची परिस्थिती बेताची. मदतीचं आवाहन म्हणून मी बातमी केली आणि मथळा दिला, 'अपघातानंतर तरुण बनला जिवंत प्रेत'. बातमी गाजली, थोडीफार मदतही आली.

चार दिवसांनी त्याची आई एसटी स्टँडसमोरच्या आमच्या खोलीत आली. हातात कात्रण. चिडलेली नव्हती. म्हणाली, "दादा, रोज सकाळी मी शेजारच्या पोरीकडून त्याला पेपर वाचून घेते. त्याला आवडायचा. ह्या दिवशीचा कसा वाचायचा, सांगा."

मी म्हणालो, "मावशी, त्याला कळत नाही ना आता." ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. मी डॉक्टरांना तसं विचारलंही नव्हतं. पोरगा बोलत नाही, म्हणजे त्याला कळत नाही, एवढा माझा हिशोब. २०११ च्या पावसाळ्यात छातीत कफ होऊन तो गेला. त्याला कळत होतं की नव्हतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हापासून ह्या विषयावर जे हाती लागेल ते वाचत आलोय. ते आज एकत्र मांडतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण सगळ्यालाच 'कोमा' म्हणतो. खरं तर ह्या वेगवेगळ्या अवस्था आहेत. मेंदूमृत म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलंय, कायद्याने तो मृत्यू. कोमात डोळे मिटलेले असतात, माणूस जागा होत नाही. हा कोमा सहसा काही आठवड्यांत संपतो. त्यानंतर काही जण डोळे उघडतात, झोपतात, जागे होतात, पण आपल्या बोलण्याला कसलाही प्रतिसाद देत नाहीत. ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम ह्या डॉक्टरांनी १९७२ मध्ये ह्या अवस्थेला 'व्हेजिटेटिव्ह स्टेट' असं नाव दिलं. त्याच्याही पुढे, २००२ मध्ये, 'किंचित जाणीव असलेली अवस्था' वेगळी काढली गेली. ह्यातला पेशंट कधी नजरेने पाठलाग करतो, कधी सांगितलेलं करतो, कधी नाही. आणि सगळ्यात भयंकर अवस्था म्हणजे 'लॉक्ड-इन'. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, सगळं ऐकतो, पण शरीर हलत नाही. बहुतेकदा फक्त डोळे वरखाली होतात आणि पापणी मिटते. हे नाव १९६६ चं.

म्हणजे बाहेरून जवळपास सारखे दिसणारे दोन पेशंट असू शकतात. एकाला काहीच कळत नाही, दुसऱ्याला सगळं कळतं. फरक ओळखायचा कसा? गेल्या शंभर वर्षांचा हा इतिहास म्हणजे ह्याच एका प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

सुरुवात जर्मनीतल्या येना गावात झाली. हान्स बर्गर नावाचे मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले आणि थोडक्यात वाचले. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली, सगळं ठीक आहे ना? लांब असलेल्या बहिणीला भावाच्या काळजीने अस्वस्थ वाटलं होतं आणि तिनेच वडिलांना तार करायला लावली होती. मनातलं दूरवर पोचतं की काय, ह्या विचाराने बर्गरना झपाटलं. तसं काही सापडलं नाही. पण त्या नादात त्यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विजेची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती छापली. आज न्यूरो हॉस्पिटलात डोक्याला वायरी लावून जो ईईजी काढतात, तो हाच.

ही वीज वाचून कॉम्प्युटर चालवता येईल का, हा विचार १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात झाक विदाल यांनी मांडला. 'ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस' हा शब्द त्यांचाच.

त्याच १९७३ सालच्या २७ नोव्हेंबरला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. गळा आवळल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या परत कधी सावरल्या नाहीत. हा योगायोगच. पण पुढची बेचाळीस वर्षं एकीकडे हे शास्त्र वाढत गेलं आणि दुसरीकडे केईएमच्या वॉर्डातल्या त्या खोलीत परिचारिकांच्या पिढ्या अरुणाताईंना सांभाळत राहिल्या. त्यांच्याकडे परत येऊ.

१९८८ मध्ये अमेरिकेत फारवेल आणि डोंचिन यांनी एक युक्ती केली. स्क्रीनवर अक्षरांचा चौकोन. त्यातल्या ओळी एकेक करून चमकतात. आपल्याला हवं असलेलं अक्षर चमकलं की मेंदूत सुमारे तीनशे मिलिसेकंदांनी एक लाट उठते. ती लाट पकडली की अक्षर कळलं. हात न लावता, तोंड न उघडता टायपिंग! १९९९ मध्ये जर्मनीतल्या नील्स बिरबाउमर यांच्या गटाने जवळपास पूर्ण लुळ्या पडलेल्या पेशंटकडून अशा मार्गाने अक्षरं लिहून घेतली.

मध्येच एक घटना घडली, आणि तिच्यात मशीन नव्हतं. फ्रान्समधले संपादक झाँ-डोमिनिक बोबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ते लॉक्ड-इन झाले. हलत होती फक्त डाव्या डोळ्याची पापणी. समोरची व्यक्ती अक्षरं म्हणायची आणि हवं ते अक्षर आलं की ते पापणी मिटायचे. असं करत त्यांनी अख्खं पुस्तक सांगितलं. मार्च १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि काही दिवसांतच ते गेले. एक धीराचा माणूस आणि अक्षरांचा एक तक्ता, एवढ्यावर हे झालं.

पण बोबी शुद्धीत आहेत हे डॉक्टरांना माहीत होतं. ज्याच्याबद्दल सगळ्यांनी "ह्याला कळत नाही" असं ठरवून टाकलंय, त्याला विचारणार कसं?

ते २००६ मध्ये केंब्रिजला घडलं. एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांकडे तेवीस वर्षांची एक तरुणी होती. २००५ च्या अपघातानंतर ती व्हेजिटेटिव्ह अवस्थेत होती, सगळ्या तपासण्या तेच सांगत होत्या. तिला एफएमआरआय मशीनमध्ये ठेवलं. मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय, हे त्यात दिसतं. तिला सांगितलं, "तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर." मग सांगितलं, "तुझ्या घरातल्या खोल्यांमधून फिरतेयस अशी कल्पना कर." टेनिस म्हटलं की हालचाली ठरवणारा भाग उजळला. घर म्हटलं की जागांची आठवण ठेवणारा भाग उजळला. धडधाकट माणसांच्या मेंदूत होतं, अगदी तसंच. बोटही न हलवणारी ती मुलगी सूचना ऐकत होती, समजून घेत होती आणि तसं करत होती.

२०१० मध्ये पुढचं पाऊल पडलं. केंब्रिज आणि बेल्जियममधल्या लिएजच्या गटांनी चोपन्न पेशंट तपासले. पाच जणांना असं मनातल्या मनात सूचना पाळणं जमलं. त्यातल्या एकाला सांगितलं, "हो म्हणायचं असेल तर टेनिस, नाही म्हणायचं असेल तर घर." वडिलांचं नाव वगैरे साधे प्रश्न विचारले. सहापैकी पाच उत्तरं बरोबर आली. सहाव्याला उत्तरच मिळालं नाही. ह्या माणसाशी खाटेजवळ बसून कुणालाही कसलाच संवाद साधता आला नव्हता. २०१२ मध्ये कॅनडात, बारा वर्षांहून जास्त काळ अशा अवस्थेत असलेल्या एकाला ओवेन यांनी विचारलं, "तुला कुठे दुखतंय का?" उत्तर आलं, नाही.

विचार करा, बारा वर्षांत हा प्रश्न त्याला किती जणांनी विचारला असेल आणि उत्तराची वाट किती जणांनी बघितली असेल.

इथपर्यंत वाचून डोळे पाणावले असतील तर जरा थांबा. कारण ह्या इतिहासात फसगतही आहे, आणि त्यात माझी बिरादरी पुढे आहे. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये जगभरच्या पेपरांत बातमी आली की बेल्जियममधला एक माणूस तेवीस वर्षं चुकून कोमात समजला गेला, आता तो कीबोर्डवर आपली कहाणी सांगतोय. माणसाला जाणीव होती, हे खरं. ते निदान चुकलं होतं, हेही खरं. पण कीबोर्डवर त्याचं बोट दुसरीच बाई धरून फिरवत होती. काही महिन्यांनी नीट चाचणी झाली. ती बाई खोलीबाहेर असताना त्याला वस्तू दाखवल्या, मग तिला आत बोलावून विचारलं. उत्तरं आलीच नाहीत. शब्द त्या बाईचे होते, तिच्याही नकळत. छापायच्या आधी एवढी साधी परीक्षा कुठल्याच पत्रकाराला सुचली नाही.

शास्त्रज्ञही सुटले नाहीत. पूर्ण लॉक्ड-इन झालेल्या, डोळेही न हलणाऱ्या चार पेशंटनी 'हो-नाही' उत्तरं दिली असा दावा करणारा २०१७ चा एक गाजलेला शोधनिबंध आकडेवारीवर प्रश्न उभे राहिल्यावर २०१९ मध्ये मागे घेतला गेला. पुढे त्याच गटातल्या काही शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये नवं काम छापलं. त्यात स्नायू चालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराने पूर्ण लुळ्या झालेल्या माणसाच्या मेंदूत खरोखर इलेक्ट्रोड बसवले होते. आवाजाची पट्टी मनाने वरखाली करून तो अक्षर निवडायचा, मिनिटाला साधारण एक. त्याने काय मागितलं? डोकं थोडं वर करा. सूप द्या. गाणी मोठ्याने लावा. आणि मुलावर प्रेम असल्याचं सांगितलं.

व्हॉट्सॲपवर फिरणारी 'चिप' ह्याच जातीची. पण तो माणूस बेशुद्ध नव्हता, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. आजार वाढायच्या आधी तो डोळ्यांनी बोलत होता. मार लागलेल्या मेंदूत चिप बसवून शुद्ध आणता येत नाही.

आता अरुणाताईंकडे. ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. इच्छामरणासाठी पत्रकार पिंकी विराणी यांनी केलेला अर्ज फेटाळला, मात्र कडक अटींवर उपचार थांबवण्याची वाट देशात पहिल्यांदा मोकळी केली. तीन डॉक्टरांच्या समितीने त्यांना तपासलं होतं. मेंदूमृत नाही, व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष लागू, असा अहवाल होता. हॉस्पिटलच्या बाजूने न्यायालयात जे सांगितलं गेलं ते मला जास्त लक्षात राहिलं. त्या अन्न घेतात, चेहऱ्याने प्रतिसाद देतात, शौचाला लागली की विशिष्ट आवाज करतात आणि परिचारिकांना तो ओळखू येतो. समितीला जे तासाभरात दिसणार नाही, ते त्या बायकांना रोजच्या सवयीने कळत होतं. अरुणाताई १८ मे २०१५ ला गेल्या. चार दशकं खिळून असताना त्यांच्या अंगाला जखमा होऊ दिल्या नाहीत, ही केईएमच्या परिचारिकांची कामगिरी कुठल्याही मशीनपेक्षा कमी नाही.

मशीनला मर्यादा आहेत, हे आकडेच सांगतात. एफएमआरआय अवाढव्य आणि महाग, म्हणून २०११ मध्ये खाटेजवळ नेता येईल अशा ईईजीवर प्रयोग झाला. "उजव्या हाताची मूठ आवळ" अशी कल्पना करायला सांगायचं. सोळा पेशंटपैकी तिघांत प्रतिसाद दिसला असं छापून आलं, त्यावर दुसऱ्या गटाने हरकतही घेतली. पण त्याच प्रयोगात बारा धडधाकट माणसं होती आणि त्यातल्या तिघांत मशीनला काहीच सापडलं नाही. पूर्ण शुद्धीतली माणसं!

२०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने मेंदूला इजा झाल्यानंतर लगेचचे एकशे चार पेशंट तपासले. सोळा जणांत, म्हणजे १५ टक्क्यांत, हा छुपा प्रतिसाद सापडला. वर्षभराने ह्यातले ४४ टक्के पेशंट दिवसातले आठ तास तरी स्वतःचं स्वतः बघू शकत होते, बाकीच्यांत हेच प्रमाण १४ टक्के होतं. २०२४ मध्ये सहा केंद्रांचा मोठा अभ्यास आला. बाहेरून कसलीच सूचना न पाळणारे २४१ पेशंट, त्यातले ६० आतून पाळत होते. चारात एक. आणि बाहेरून सूचना पाळणारे ११२ होते, त्यातल्या फक्त ४३ जणांना मशीन पकडू शकलं.

ह्याचा अर्थ नीट घ्या. मशीनने 'हो' म्हटलं तर ती मोठी गोष्ट. मशीनने 'नाही' म्हटलं तर ते उत्तर नव्हे. झोप लागली असेल, औषधाची गुंगी असेल, कानाने ऐकू येत नसेल, भाषा समजणारा भागच दुखावला असेल.

आणखी दोन गोष्टी. २००९ च्या एका अभ्यासात, डॉक्टरांनी व्हेजिटेटिव्ह ठरवलेले चव्वेचाळीस पेशंट एका ठरलेल्या मोजपट्टीने पुन्हा तपासले. अठरा जणांना किंचित जाणीव होती. १०० तले ४१ चुकले. ती मोजपट्टी म्हणजे सीआरएस-आर. तिला लागतं काय? प्रशिक्षित माणूस, वेळ, रोजच्या वापरातल्या दोनचार वस्तू आणि एक आरसा. माणूस इतर कशापेक्षा आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याचा नजरेने पाठलाग लवकर करतो, असं आढळलंय. दुसरी गोष्ट, लॉक्ड-इन पेशंट शुद्धीत आहे हे कळायला सरासरी अडीच महिन्यांहून जास्त वेळ लागायचा आणि निम्म्याहून अधिक वेळा ते पहिल्यांदा ओळखणारी व्यक्ती डॉक्टर नव्हे, घरातलं माणूस होतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" असं विचारणारी ती आई मला इथे पुन्हा भेटली.

म्हणजे घरच्यांचं नेहमी बरोबर, असंही नाही. जांभई येते, दात खातात, डोळ्यातून पाणी येतं, तळहातात बोट दिलं की मूठ आवळते. हे सगळं जाणिवेशिवायही होतं. आशेपोटी आपण त्याला अर्थ लावतो. म्हणून एकदा झालं ते धरायचं नाही. सांगितल्यावर होतंय का, न सांगता होतंय का, पुन्हा पुन्हा बघायचं आणि लिहून ठेवायचं.

तर फोन केलेल्या वाचकाला मी एवढंच सांगितलं. जमीन विकू नका. अशी मशीन सध्या मुख्यतः संशोधनाच्या कामात आहेत, आणि ती उत्तर विचारतात, माणूस बरा करत नाहीत. तो पैसा आणि जोर फिजिओथेरपी, कूस बदलणं, छाती साफ ठेवणं ह्यात घाला. मेंदूच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा विचारा, सीआरएस-आरने तपासणी झाली आहे का, एकदाच की अनेकदा, गुंगीची औषधं कमी करता येतील का, कान तपासलेत का. घरी तो जागा असेल त्या वेळी टीव्ही बंद करा. नावाने हाक मारा. एकच गोष्ट सांगा, "वर बघ." मनात वीस आकडे मोजा, मग पुन्हा सांगा. आरसा धरा. मोबाईलवर व्हिडिओ काढा, तारीख-वेळ लिहा आणि तो डॉक्टरांना दाखवा. आणि त्याच्या खाटेजवळ उभं राहून जमिनीचं, कर्जाचं, "सुटला असता तर बरं" असलं बोलू नका.

आपल्या लोकप्रतिनिधींना आणि आरोग्य खात्यालाही एक सांगणं आहे. हायवे चौपदरी झाला, अपघात रोजचे झाले. डोक्याला मार लागलेला पेशंट घरी आला की सरकारी यंत्रणेचा त्याच्याशी संबंध जवळपास संपतो. जिल्हा रुग्णालयात ही मोजपट्टी शिकलेली दोन माणसं आणि महिन्यातून एकदा घरी जाणारा फिजिओथेरपिस्ट, एवढं मागणं फार नाही. सीटी स्कॅन मशीनच्या उद्घाटनाला फीत कापता येते, ह्याला येत नाही, हे मला समजतं.

आणि माझ्या पत्रकार मित्रांना. 'व्हेजिटेटिव्ह' ह्या शब्दामुळे पेशंटला भाजीपाला म्हणायची खोड लागली, म्हणून २०१० मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी नाव बदललं. जागा आहे पण प्रतिसाद देत नाही, असं म्हणायचं ठरवलं. त्यात एक प्रामाणिकपणा आहे. आपल्याला जे दिसतं तेवढंच ते नाव सांगतं. आपणही तेवढंच छापावं.

काल त्या वाचकाचा मेसेज आला. आरसा धरला होता. सकाळी नजर फिरल्यासारखी वाटली, संध्याकाळी नाही. मी कळवलं, दोन्ही लिहून ठेवा, उद्या परत धरा. त्यांनी विचारलं, मदतीसाठी बातमी कराल का? करणार आहे. छापायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन, मेव्हण्याच्या खाटेजवळ बसून, मथळ्यासकट मोठ्याने वाचून दाखवणार आहे.